सोळास नऊ

आमच्या मिरजेच्या घरात एक शिसवी चौरंग आहे. पूजेला निघतो, एरवी पलंगाखाली असतो. २००८ च्या दिवाळीत मात्र पूजा आटोपल्यावर तो पलंगाखाली परत गेला नाही. माझा मामेभाऊ जर्मनीहून सुट्टीवर आला होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याने सोबत आणलेला एसरचा अस्पायर ८९२०जी चौरंगावर मांडला. लॅपटॉप उघडतात, हा मांडावा लागत होता. वजन चार किलोंच्या वर. मांडीवर घ्यायचा तर दहा मिनिटांत पाय बधिर. टेबलावर ठेवला असता तर जमिनीवर बसलेल्या मुलांना दिसला नसता. चौरंगाची उंची त्याला अशी बसली, की पलंगावरची आजी, खुर्चीतले काका आणि सतरंजीवरची आम्ही पोरं, सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी जायला लागली. आजीने चौरंगावर आधी धुतलेला पंचा अंथरायला लावला, तेवढाच तिचा आग्रह.

सुट्टी संपल्यावर दादा ते यंत्र इथेच ठेवून गेला. घरच्या करमणुकीसाठी आणि खेळांसाठी मोठा लॅपटॉप कसा पारखायचा, हे मी त्याच्यापुढे बसून शिकलो. आजही कुणी म्हटलं, ‘घ्यायचाय, सोबत येतोस का?’ की माझे डोळे आणि कान तीच जुनी मापं लावतात.

पहिलं माप टेपचं. पडदा १८.४ इंचांचा, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पण हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे, त्यातून पडद्याचा देह कळत नाही. टेप लावली तर रुंदी ४०.७ सेंटिमीटर भरते आणि उंची २२.९. आता त्या काळी दुकानादुकानात मिळणारा १७ इंची लॅपटॉप घ्या. त्याच्या पडद्याचं प्रमाण १६:१०, रुंदी ३६.६ सेंटिमीटर, आणि उंची पुन्हा २२.९. उंची तीच! दीड इंचाचा फरक सगळाच्या सगळा आडवा गेला होता, डावी-उजवीकडे दोन-दोन सेंटिमीटर. दादाने हे मला सांगितलं नव्हतं. एका दुपारी शिवणाच्या टेपेने मोजताना ते हाती लागलं, आणि हे यंत्र घडवणाऱ्यांच्या मनात कोण बसलेलं होतं ते मला त्या चार सेंटिमीटरांतून उमगलं. पत्र लिहिणाऱ्याला, हिशेब मांडणाऱ्याला उंची हवी असते. बघणाऱ्याला रुंदी हवी असते.

लॅपटॉपांत १६:९ चा पडदा आणणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी हे एक. त्याची १६ इंची धाकटी बहीण, ६९२०, त्याच वर्षी आली. पण हे प्रमाण कुठून आलं, ते कळल्यावर मला त्याच्याबद्दल जास्तच जिव्हाळा वाटू लागला. १६:९ या आकारात चित्रपट काढण्याची जुनी परंपरा नव्हती. जुना सिनेमा आणि दूरदर्शन जवळजवळ ४:३ चे, आणि सिनेमास्कोपच्या वळणाचे रुंद चित्रपट २.३५ किंवा २.३९ ला एक. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या चित्रपट आणि टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेत कर्न्स पॉवर्स यांनी वापरातल्या सगळ्या आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत कापून एकावर एक मांडले. त्या सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण जवळजवळ एकच निघालं, ते १६:९. दोन टोकांच्या घराण्यांना एकाच बैठकीवर बसवणारं हे प्रमाण आहे.

ते खरंच तसं वागतं का, हे आमच्या चौरंगावर मोजता येतं. ४:३ चं चित्र या पडद्यावर ३०.५ बाय २२.९ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे सुमारे ६९८ चौरस सेंटिमीटर. २.३९ चा रुंद चित्रपट ४०.७ बाय १७, म्हणजे सुमारे ६९२. दोघांना जवळपास सारखी जागा. जुन्या १७ इंची पडद्यावर पहिल्याला तेवढीच जागा मिळते, पण दुसऱ्याला फक्त ५६०. वाढवलेले चार सेंटिमीटर थेट रुंद चित्रपटाच्या पदरात पडले होते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की लोकांना पडदा वाया गेल्यासारखं वाटतं. मला त्या पट्ट्या म्हणजे चित्राभोवती सोडलेला समास वाटतो.

आणि समास खाल्ला की काय होतं, ते आजीने दाखवलं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला होता, १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. चित्र पडदाभर पसरवलेलं होतं आणि आम्हा पोरांच्या काही लक्षात आलं नव्हतं. आजी पाच मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, ‘तुकोबा असे गुबगुबीत का दिसतायत रे? पागनीस असे नव्हते. मी लहानपणी पाहिलाय त्यांना.’ चूक अगदी बरोबर पकडली होती तिने. ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलं की माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. ‘थांब आजी, नीट करतो,’ म्हणून मी व्हीएलसीमध्ये ए ही कळ दोन-तीनदा दाबली. दोन्ही बाजूंना काळे खांब उभे राहिले आणि मधे विष्णुपंत पागनीस पुन्हा सडसडीत झाले. आजीने हात जोडले. त्या पडद्याला एवढ्या जवळून मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. १९२० बाय १०८० ठिपके एवढ्या जागेत बसवले म्हणजे एका इंचात जवळजवळ १२० ठिपके होतात, आणि पागनिसांच्या कपाळावरचा बुक्का कपाळापासून वेगळा दिसत होता. जुन्या प्रतीवरचे ओरखडेही तितकेच स्पष्ट. चांगला पडदा दोन्ही दाखवतो.

काळ्या रंगाचं मात्र तेव्हा जमत नव्हतं. त्या काळच्या लॅपटॉपांत पडद्यामागे दिवा सतत जळायचा, त्यामुळे काळा म्हणजे गडद राखाडी. बहुतेकांत टीएन जातीचं पॅनेल असायचं. आडव्या दिशेने ते सोसतं, पण खालून पाहिलं की चेहरे काळवंडतात. म्हणून पडदा किती मागे झुकवायचा ते शेवटच्या रांगेवरून ठरवायचं नसतं, जमिनीवर पुढे बसलेल्या सगळ्यात लहान मुलावरून ठरवायचं. घरी तीन पिढ्या एकत्र बघणार असतील, तर आयपीएस पॅनेल घ्या किंवा आता ओएलईडी घ्या, पण दुकानात एकदा गुडघे टेकून खालून पाहाच. आणि चकचकीत काचेचा पडदा रात्री रंग खुलवतो, दुपारी समोरची खिडकी दाखवतो. घरात दिवसा बघता की रात्री, एवढंच त्यात ठरवायचं.

आता आवाज. इथे मला थांबायचंय, कारण लॅपटॉप पारखताना सगळ्यात कमी लक्ष इथे जातं.

काका तबला वाजवायचे. मैफिलीत नाही, घरी. पण मिरज हे तंबोरे-सतारी घडवणाऱ्यांचं गाव, इथे घरी वाजवणाऱ्याचाही कान तयार असतो. आधीच्या साध्या लॅपटॉपवर मी त्यांना विलंबित तीनताल ऐकवला होता. त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली आणि विचारलं, ‘तबला आहे, पण डग्गा कुठाय?’

प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. डग्ग्याचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. एवढा खालचा सूर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि लॅपटॉपमधल्या स्पीकरचा पडदा रुपयाच्या नाण्याएवढा. तो ती हवा हलवूच शकत नाही. तबल्याचं निभावतं, कारण शाईमुळे त्याचे वरचे स्वर मूळ सुराच्या पटीत लागतात. रामन यांनी १९२० मध्येच आपल्या वाद्यांचं हे वैशिष्ट्य जगापुढे मांडलं होतं. वरचे स्वर ऐकू आले की खालचा हरवलेला सूर आपला कान मनानेच भरून काढतो. डग्ग्याला ही उसनवारी पुरत नाही. मनगट घासून काढलेली मींड सुरुवातीपासून शेवटापर्यंत खालच्या प्रदेशातच फिरते. छोट्या स्पीकरवर तिचं फक्त चामड्याचं घासणं उरतं, घुमारा जातो.

८९२०जी घडवणाऱ्यांनी यावर जो उपाय काढला तो मला आजही सुंदर वाटतो. पडदा आणि कीबोर्ड यांना जोडणाऱ्या बिजागरीत त्यांनी एक आडवी गोल नळी बसवली आणि खालच्या सुरांचं काम तिच्याकडे दिलं. नाव ठेवलं ट्यूबा, त्या भल्यामोठ्या पितळी वाद्यावरून. लॅपटॉपमध्ये बिजागरीची जागा नुसती जोडणीची असते, तिथे काही राहत नाही. यांनी तिथे घर केलं. खालच्या सुराला दिशा नसते, १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे तो मधून आला काय, कोपऱ्यातून आला काय, कानाला फरक पडत नाही. दिशा दाखवायचं काम बाकीचे स्पीकर करतात. अगदी कमी जागेत केलेली ही वाटणी आहे, आणि तिच्यात विचार दिसतो.

तोच तीनताल काकांना पुन्हा ऐकवला. या वेळी चार आवर्तनं झाली. ‘आता हात दिसतो,’ काका म्हणाले. त्यांच्याकडून मी यापेक्षा मोठी शिफारस ऐकलेली नाही. खऱ्या डग्ग्याशी त्याची तुलना नव्हती, पण मींड कुठे सुरू होते आणि कुठे विरते हे कळत होतं. तेव्हापासून लॅपटॉप पाहायला जाताना मी फोनमध्ये विलंबित तबला घेऊन जातो. दुकानदार जे स्फोटांचे, गाड्यांचे तुकडे ऐकवतात त्यांत सगळंच घुमतं, त्यातून परीक्षा होत नाही. ‘संत तुकाराम’ही या परीक्षेला चालत नाही. १९३६ च्या ध्वनिपट्टीत खालचे सूर मुळातच फारसे नाहीत, कुठल्याही स्पीकरवर तो सारखाच लागतो.

शांततेचीही परीक्षा असते, आणि ती मला खूप नंतर सापडली, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ बघताना. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली ‘संत तुकाराम’ गौरवला गेला आणि २०१४ साली ‘कोर्ट’. आमच्या चौरंगावर दोन्ही आले. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा मिनिट-मिनिट हलत नाही, माणसं हळू बोलतात, खटल्याचे कागद चाळले जातात. अशा वेळी लॅपटॉपच्या पंख्याची घरघर थेट न्यायालयात शिरते. या यंत्रावर ती शिरली नाही, आणि त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. ब्लू-रे किंवा तशा दाबलेल्या फायलीतलं चित्र उलगडणं हे जड काम. ते मुख्य प्रोसेसरवर टाकलं तर तो तापतो, पंखा जोरात फिरतो. यातल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स ९६५०एम जीएस या ग्राफिक्स चिपमध्ये तेवढ्याच कामासाठी वेगळी मंडलं कोरलेली होती. ती मंडलं थोड्या विजेत चित्र उलगडत आणि बाकी सगळं यंत्र निवांत राही. सिनेमा बघताना तेच यंत्र तंबोऱ्यासारखं मागे राहायचं आणि खेळ लावला की ढोल-ताशासारखं पुढे यायचं.

खेळांकडे वळायलाच हवं. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, आणि चित्र सलग वाटायला सेकंदाला ६० वेळा ते सगळे नव्याने रंगवायचे. एका चित्राला मिळतात १६.७ मिलिसेकंद. २००७ च्या शेवटी आलेल्या ‘क्रायसिस’चं जंगल या पडद्यावर पूर्ण ठिपक्यांत रंगवणं त्या चिपच्या आवाक्यापलीकडचं होतं. १२८० बाय ७२० वर उतरलं की ठिपके सव्वादोन पटींनी कमी होतात आणि श्वास घेता येतो, पण मग खेळातला एक ठिपका पडद्यावर आडवा आणि उभा दीड-दीड ठिपक्यावर बसतो. अर्धा ठिपका कुणाचा, याचं उत्तर नसतं, म्हणून कडा मऊ पडतात. पडदा चिपच्या पुढे धावला होता, हे मान्य करायला हवं. सिनेमासाठी निवडलेला पडदा आणि खेळासाठी निवडलेली चिप यांची जोडी जमली नव्हती. मोठा पडदा पाहून मोहात पडणाऱ्याने ही जोडी आधी तपासावी.

पण त्या यंत्रावर मला सगळ्यात देखणा दिसलेला खेळ ‘क्रायसिस’ नव्हताच. तो होता ‘एज ऑफ एम्पायर्स २’, १९९९ चा. त्याची सगळ्यात मोठी मांडणी १२८० बाय १०२४ ची. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणायचं बंद केलं, की खेळातला प्रत्येक ठिपका पडद्याच्या एकेका ठिपक्यावर नेमका बसायचा. वर-खाली फक्त २८-२८ ओळींचा समास, बाजूंना ३२०-३२० चे खांब. त्या चौकटीत गावकरी लाकूड तोडताना कुऱ्हाडीचं पातं दिसायचं. मेंढ्या, शेताचे वाफे, किल्ल्याच्या भिंतीतला एकेक दगड. ही चित्रं ठिपका-ठिपका मोजून काढलेली होती, आणि काढणाऱ्याला अभिप्रेत होती तशी ती दहा वर्षांनी आमच्या चौरंगावर उभी राहिली. आजीच्या पागनिसांसारखंच झालं हे. चित्राला त्याच्या मापात राहू दिलं.

कीबोर्डच्या डाव्या बाजूला सिनेमाच्या कळांची स्पर्शाने चालणारी पट्टी होती, सिनेडॅश नावाची. आवाज कमी-जास्त, थांबव, पुढे ने. दिसायला मोहक. माझ्या मते मात्र अंधारात बोटाला उंचवटा लागला पाहिजे. खरी फिरवायची घुंडी असती तर मला अधिक आवडली असती. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी असतात, त्याचं सुरुवातीला चुकायचं. खेळात ज्यांच्यावर बोटं ठेवायची ती डब्ल्यू, ए, एस, डी ही चौकडी जागच्या जागी होती, तेवढं पुरलं.

त्या दोन-तीन वर्षांत अशा मोठ्या यंत्रांचा बहरच आला होता. डेलचा २००६ चा एक्सपीएस एम२०१० चामड्यासारख्या झाकणाच्या पेटीत यायचा, मूठ धरून उचलायचा, २०.१ इंची पडदा, सुटा होणारा कीबोर्ड, आठ किलोंच्या वर वजन. एचपीचा २००७ चा एचडीएक्स, ज्याला ड्रॅगन म्हणायचे, त्याचा पडदा हाताने पुढे ओढून घेता यायचा आणि रिमोट कीबोर्डशेजारच्या खोबणीत बसायचा. मला दोन्ही आवडतात. पण त्यांचे पडदे १६:१० चे होते, आणि एचडीएक्सने ज्या एचडी डीव्हीडीवर भिस्त ठेवली ती फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने सोडून दिली. दादाचं यंत्र ब्लू-रे घेऊन त्याच वर्षी आलं.

यंदा गणपतीत दादाचा मुलगा त्याचा नवा लॅपटॉप घेऊन मिरजेला आला. १८ इंची, खास खेळांसाठी बांधलेला. त्याचा अडॅप्टरच ३३० वॅटचा, घरातले चार छतपंखे फिरतील एवढ्या विजेचा. २५६० बाय १६०० ठिपके, आणि जड खेळ १२८० बाय ८०० वर उतरवला तर एक ठिपका नेमक्या चार ठिपक्यांवर बसतो, अर्ध्याचा प्रश्नच येत नाही. खेळ बघून मी थक्क झालो. पान हललं की त्याची सावली हलत होती. पडदा आणि चिप यांची जोडी इथे जमलेली होती.

मग मी शिवणाची टेप काढली. रुंदी ३८.८, उंची २४.२. पडदा पुन्हा १६:१० झालाय. रुंद चित्रपटाला ६२९ चौरस सेंटिमीटर. २००८ च्या यंत्रापेक्षा साठाहून अधिक चौरस सेंटिमीटरनी कमी. पोराला मी आकडे दाखवले. त्याने ते वहीत लिहून घेतले, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, कान अजून शाबूत आहेत. चौरंगावर पंचा अंथरून नवा लॅपटॉप मांडला आणि तोच जुना तीनताल लावला. खेळ नुकताच बंद केला होता, यंत्र अजून तापलेलं. काकांनी डोळे मिटले. एक आवर्तन गेलं.

‘डग्गा आहे,’ ते म्हणाले. ‘चांगला आहे. पण मागे कुणीतरी तांदूळ पाखडतंय.’

पोराने एक कळ दाबून पंखे शांत करायला लावले. घरघर हळूहळू खाली बसत गेली. तिसऱ्या आवर्तनाच्या समेला पाखडणं थांबलं, आणि काकांचा हात मांडीवर आपोआप ठेका धरू लागला.